विश्लेषण : जुन्या युनिक्स संगणकाला कोणती हार्ड डिस्क चालेल?

घणसोली गावातून रेल्वेरूळ आणि ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला, की टीटीसी औद्योगिक पट्टा सुरू होतो. अशा वसाहतींत कारखान्याचे किंवा प्रयोगशाळेचे एखादे महागडे यंत्र कधी कधी कोपऱ्यातल्या पंचवीस वर्षांच्या संगणकावर अवलंबून असते. नव्वदच्या दशकात आलेल्या व्हेरियनच्या एनएमआर उपकरणांना सनचे, तर ब्रुकरच्या उपकरणांना सिलिकॉन ग्राफिक्सचे संगणक जोडलेले असत. दोन्हींवर युनिक्स. उपकरणातले चुंबक अजून ठणठणीत असते. दगा देते ती ४ किंवा ९ जीबीची हार्ड डिस्क. ती गेली की काम ठप्प, आणि नवे उपकरण घ्यायचे तर आकडा कोटींत जातो. एवढा प्रश्न एका योग्य डिस्कने सुटू शकतो, पण ती ‘योग्य’ असावी लागते.

दुकानातली नवी डिस्क का चालत नाही?

आज दुकानात सॅटा किंवा एनव्हीएमई डिस्क मिळते. त्या काळातल्या बहुतेक युनिक्स संगणकांत समांतर स्कझी ही जोडणी असे. तिचे तीन चेहरे ओळखता आले की निम्मे काम झाले. ५० पिनांची जोडणी अरुंद, म्हणजे एका वेळी ८ बिट नेणारी. ६८ पिनांची रुंद, १६ बिटांची. ८० पिनांच्या एससीए जोडणीत वीज, माहिती आणि डिस्कचा क्रमांक हे सगळे एकाच खोबणीतून येते. सनच्या स्पार्कस्टेशन ५ आणि २० मध्ये ८० पिनांची खोबण आहे, तर सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडीत ५० पिनांची. म्हणून जुनी डिस्क बाहेर काढून पिना मोजाव्यात. मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधू नये.

एका स्कझी तारेवर प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक लागतो. अरुंद तारेवर ० ते ७, रुंद तारेवर ० ते १५, आणि त्यातला ७ बहुधा कंट्रोलरचा. जुन्या स्पार्कस्टेशनमध्ये सुरू होणारी डिस्क सहसा ३ वर आणि सीडी ड्राइव्ह ६ वर असतो. तारेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, नाही तर सिग्नल उलटा परततो आणि डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही. रुंद डिस्क अडॅप्टर लावून अरुंद तारेवर चालवता येते, पण उरलेल्या ८ बिटांचे टर्मिनेशन करणारा अडॅप्टर घ्यावा. स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये नेमके तेच नसते.

सगळ्यात महाग पडणारी चूक कोणती?

एचव्हीडी आणि एलव्हीडी यांची गल्लत. दोन्हींचे कनेक्टर सारखेच दिसतात, विद्युतदाब मात्र वेगळा. एचव्हीडी उपकरण साध्या तारेवर जोडले तर डिस्क किंवा कंट्रोलर जळू शकतो. नंतरच्या बहुतेक एलव्हीडी डिस्क जुन्या साध्या तारेवर वेग कमी करून चालतात, त्यामुळे सुटी डिस्क घेताना त्या सोयीच्या. कार्डावर किंवा कनेक्टरजवळ चौकटीच्या आकाराची खूण असते, तिच्याशेजारचा मजकूर वाचल्याशिवाय तार खोचू नये.

कंट्रोलर बदलून सॅटा लावता येईल का?

कागदावर सोपे वाटते. अडचण अशी की सनचा संगणक सुरू होताना कार्डावरचा एफकोड नावाचा प्रोग्राम वाचतो. पीसीसाठीच्या कार्डावर त्याऐवजी पीसीचा बायोस असतो. ते कार्ड पीसीआय खाचेत नीट बसले तरी त्यावरून यंत्र सुरू होत नाही. युनिक्सच्या त्या आवृत्तीत ड्रायव्हर नसेल, तर माहिती साठवायलाही त्याचा उपयोग नाही. १९९८ च्या सन अल्ट्रा ५ मध्ये स्कझीऐवजी आयडीई आहे. तिथे १३७ जीबीची मर्यादा लक्षात ठेवून लहान डिस्क घ्यावी.

पीसीवरच्या एससीओ युनिक्सचे दुखणे थोडे निराळे. बँकांच्या शाखांत आणि व्यापाऱ्यांकडे एके काळी तो खूप होता. जुन्या बायोसच्या मर्यादा ५०४ एमबी, ८.४ जीबी आणि १३७ जीबी अशा टप्प्यांनी आल्या. अडॅप्टेकची १५४२ आणि २९४० ही कार्डे त्याला ओळखीची. अनोळखी कार्डासाठी ड्रायव्हरची फ्लॉपी हवी, आणि ती फ्लॉपी आता वाचली जाईलच असे नाही.

मोठी डिस्क घेतली तर बिघडते का?

काही वेळा हो. सनओएस ४ ला २ जीबीपेक्षा मोठी फाइल सिस्टीम झेपत नाही. ३६ किंवा ७३ जीबीची डिस्क चालली तरी जुन्या सन यंत्रांत रूट विभाग सुरुवातीच्या २ जीबीत ठेवलेला बरा.

जुन्या बाजारातून घेताना काय पाहायचे?

लॅमिंग्टन रोडवर किंवा भंगारात स्कझी डिस्क मिळाली, तर ती मोठ्या स्टोरेज पेटीतून काढलेली नाही ना, हे विचारावे. त्यांतल्या काही डिस्क ५२० बाइटच्या सेक्टरने फॉरमॅट केलेल्या असतात. सर्वसाधारण युनिक्सला ५१२ चे लागतात. पुन्हा फॉरमॅट करता येते, पण त्याला बरेच तास लागतात. ४० पिनांची फायबर चॅनेल डिस्क एससीएसारखी दिसते, पण ८० पिनांच्या खोबणीत बसत नाही. शक्य असेल तर वापरात वाढलेल्या खराब जागांची यादी दुकानदारासमोरच तपासावी.

एसडी कार्डाचा पर्याय कितपत विश्वासाचा?

एससीएसआय२एसडी, ब्लूएससीएसआय, झुलूएससीएसआय ही छोटी बोर्डे एसडी कार्डाला स्कझी डिस्क भासवतात. आवाज नाही, फिरणारा भाग नाही, आणि कार्डाची प्रत दहा मिनिटांत लॅपटॉपवर. ५० पिनांच्या संगणकांसाठी आज हाच शहाणा मार्ग म्हणावा लागेल. मात्र सतत लिहिण्याने कार्ड झिजते, म्हणून चांगल्या प्रतीचे घ्यावे आणि एक तयार प्रत बाजूला ठेवावी.

बदलण्याआधी काय करायचे?

जुनी डिस्क अजून चालू असेल तर घाईने बंद करू नये. वर्षानुवर्षे फिरत राहिलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असे नाही. आधी यूएफएसडंपने किंवा डीडीने दुसऱ्या डिस्कवर किंवा नेटवर्कवरून प्रत घ्यावी. डिस्कमध्ये खराब जागा असतील, तर ती लिनक्स पीसीला स्कझी कार्डाने जोडून डीडीरेस्क्यू वापरावे. सोलारिसमध्ये यूएफएसडंपची प्रत नव्या डिस्कवर उतरवल्यावर इन्स्टॉलबूट चालवणे राहून गेले, तर फायली सगळ्या असूनही यंत्र सुरू होत नाही.

सनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कागदावर लिहून घ्यावी: सुरू होताना पडद्यावर दिसणारा होस्टआयडी आणि इथरनेट पत्ता. हे दोन्ही बॅटरी असलेल्या एका चिपमध्ये असतात. अनेक सॉफ्टवेअरचा परवाना त्याच होस्टआयडीला बांधलेला असतो. बॅटरी संपलेल्या यंत्रात नवी डिस्क उत्तम चालते, पण उपकरणाचा प्रोग्राम परवाना नाही म्हणून उघडत नाही, आणि दोष विनाकारण डिस्कवर जातो. नोंद हाताशी असेल तर ओके प्रॉम्प्टवरून हे आकडे पुन्हा भरता येतात.