बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘स्पिंडल सेल’ लिहिलंय? पुढची तपासणी का लागते

पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला आणि रिपोर्टमध्ये आलं, ‘स्पिंडल सेल ट्यूमर, आयएचसी करावी’. घाबरण्याआधी एक लक्षात घ्या. ‘स्पिंडल सेल’ हे आजाराचं नाव नाही, पेशींच्या आकाराचं वर्णन आहे. अशी गाठ साधी असू शकते, कर्करोगाचीही असू शकते.

ओळखणं अवघड का?

जखम भरून काढणारे तंतू फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तयार करतात. त्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात. पण स्नायू किंवा नसांच्या आवरणापासून झालेल्या गाठींतल्या पेशीही तशाच दिसतात. नेहमीच्या रंगांनी पेशीचं केंद्रक निळसर-जांभळं आणि बाकीचा भाग गुलाबी होतो. त्यातून आकार कळतो, पण पेशी मूळच्या कुठल्या हे कळेलच असं नाही.

आयएचसी म्हणजे काय?

त्याच तुकड्याच्या पातळ कापांवर वेगवेगळी प्रतिपिंडं टाकतात. पेशीत ठरावीक प्रथिन असेल तर तिथे सहसा तपकिरी रंग उमटतो. डेस्मिन स्नायूकडे बोट दाखवतं, एस-१०० नसांच्या आवरणाकडे, तर सीडी११७ आणि डॉग-१ ‘जिस्ट’ या पचनमार्गातल्या गाठीकडे. व्हिमेंटिन यातल्या बहुतेक गाठींत दिसतं, म्हणून त्या एकट्यावर निदान ठरत नाही. सगळे रंग एकत्र पाहूनच पॅथॉलॉजिस्ट मत देतात.

उपचार कसा बदलतो?

पूर्वी जिस्टच्या अनेक गाठी स्नायूंच्या समजल्या जात. १९९८ साली जपानमधील हिरोता आणि सहकाऱ्यांनी या गाठींत ‘किट’ जनुकातला बदल दाखवला. नेहमीच्या केमोथेरपीला जिस्ट फारशी दाद देत नाही. गाठ पसरली असेल किंवा ऑपरेशननंतर परतण्याचा धोका जास्त असेल, तर बऱ्याच रुग्णांना इमॅटिनिबच्या गोळ्या उपयोगी पडतात. स्नायूच्या कर्करोगाला हा उपचार नाही. म्हणून ही तपासणी टाळू नका.

तुम्ही काय कराल?

- दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक उन्हात ठेवू नका, हरवू नका.
- डॉक्टरांना विचारा : गाठ कोणत्या पेशींची आहे? जनुकाची तपासणी लागेल का?
- आयएचसीला आणखी काही दिवस लागतात. मात्र काळी शौच, रक्ताची उलटी किंवा पोटात तीव्र दुखणं असेल तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.