नवतप्याचा हिशेब

वराहपालनात जुलै हा संशयाचा महिना. पाऊस पडून गेलेला असतो, हवा निवलेली असते, माद्या चांगल्या खात्यापित्या असतात, आणि तरीही एकवीस दिवसांपूर्वी भरवलेली डुकरीण पुन्हा माजावर येते. एखादी उलटली तर कोणी मनावर घेत नाही. रांगेने उलटायला लागल्या की शोध सुरू होतो. वऱ्हाडातल्या कौंडण्यपूरच्या पंचक्रोशीतल्या एका शेडवर मला बोलावलं ते अशाच दिवसांत. मालकाने आधी खुराकावर ठपका ठेवला, मग बोअरच्या पाण्यावर, मग माद्यांवर. "सोळा भरवल्या, नऊ उलटल्या, डॉक्टर. नर तं चांगला चढते. मंग बिघडलं कोठी?"

नर चढतो, म्हणून त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. खरा घोटाळा इथेच आहे. उमेद आणि बीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाने बीज खराब झालं तरी गडी तसाच गुरगुरत, फेस गाळत मादीच्या मागे धावतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच रेत काढायचं ठरलं, कारण ऊन चढल्यावर नर आळसावतो. पांढरा यॉर्कशायर, वजन दोन क्विंटलच्या पुढचं. लोखंडी पाइपावर पोती गुंडाळून केलेल्या नकली मादीला त्याने दोनदा हुंगलं, जबडा चावत तोंडाला फेस आणला आणि चढला. या फेसातल्या उग्र वासानेच माजावरची मादी जागच्या जागी ठाम उभी राहते. हातमोजा घालून पकड घट्ट धरली की तो शांत होतो, आणि मग घाई नसते. सांडाचं काम क्षणात उरकतं. डुकराला पाच-दहा मिनिटं लागतात. सुरुवातीचं पाणी सोडून द्यायचं. मग येतं दुधाळ, दाट रेत, आणि शेवटी साबुदाण्याच्या खिरीसारखे चिकट गोळे. ते थर्मासच्या तोंडावर बांधलेल्या मलमलीत अडकतात. गाळून साधारण दोनशे मिलिलिटर निघालं. रंग चांगला, प्रमाणही चांगलं. मालक खुश.

कोमट काचपट्टीवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. निरोगी नराच्या थेंबात लाटा उसळताना दिसतात. इथे लाट नव्हती. बरेचसे शुक्राणू जागच्या जागी थरथरत होते, काही गोल फिरत होते. रंग देऊन पाहिलं तर कित्येकांच्या शेपट्या वळलेल्या आणि मानेजवळ अपक्वपणाची खूण असलेला थेंब तसाच चिकटलेला. मालकालाही डोळा लावायला सांगितलं. बराच वेळ पाहून म्हणाला, "हे तं पोहूनच नाही राह्यले."

डुकराला घाम जवळजवळ येत नाही. अंग थंड करायचं तर चिखलात लोळायचं, नाही तर धापा टाकायच्या. त्यात नराचे वृषण बोकडासारखे लोंबते नसतात. शेपटीखाली अंगाला चिकटलेले असतात, त्यामुळे अंगाची धग थेट तिथे पोचते. बीज तयार व्हायला शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश कमी लागतात. हवा तिशीच्या वर सतत राहिली की अडचण सुरू होते, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. दुपारपेक्षाही मला वऱ्हाडातल्या रात्रीचा राग येतो. पत्र्याचं शेड मध्यरात्रीपर्यंत तापलेलं राहतं आणि जनावराला सावरायला वेळच मिळत नाही.

आता हिशेब. एक शुक्राणू घडायला पाच-साडेपाच आठवडे, वर पक्व होऊन बाहेर पडायला दहाएक दिवस. म्हणजे ढोबळ सात आठवडे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत, जे अर्धवट घडलेलं असताना भाजलं, ते जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत बाहेर येत राहतं. ज्येष्ठात इथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते तेव्हाची झळ, आषाढी करून पालखी माघारी येईपर्यंत नराच्या अंगात असते. मादीचा गर्भकाळ एकशे चौदा दिवसांचा. म्हणजे जुलैत रिकामी राहिलेली मादी नोव्हेंबरात, कार्तिकाच्या यात्रेच्या सुमारास, पिल्लांशिवाय खात बसते. तोवर मे महिना कोणाच्या ध्यानातही राहिलेला नसतो. अंगात दोन दिवस ताप असला तरी हीच गत होते, म्हणून आजारपणाची तारीखसुद्धा वहीत लिहायला हवी.

उन्हाऐवजी दिवसाच्या लांबीवरही बोट ठेवलं जातं: युरोपातल्या रानडुकरांचा हंगाम दिवस लहान होतात तेव्हा, हिवाळ्याच्या तोंडावर येतो, आणि पाळीव नरांतही त्याची थोडी खूण उरली आहे. पण कौंडण्यपूर एकविसाव्या अक्षांशाजवळ. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात फरक जेमतेम अडीच तासांचा. इथे उजेडापेक्षा उष्म्याचंच चालतं.

त्यावर उपाय आहेत, आणि वऱ्हाडाची झळ कोरडी असल्याने ते स्वस्तही आहेत. डेझर्ट कुलर दमट कोकणात निरुपयोगी. इथे तो सात-आठ अंश सहज उतरवतो. पत्र्यावर तुराट्यांचा जाड थर, बाजूंना ओली पोती, आणि नराच्या खांद्यावर थांबून थांबून पडणारी पाण्याची धार. भारनियमनात कुलर बंद पडला तर निदान ही धार चालावी, म्हणून टाकी उंचावर. माद्यांच्या आधी नराची सोय करा, असं मी सांगतो. दहा माद्यांमागे तो एकच असतो.

बाहेरून रेत आणायचं म्हटलं तर गाईची कांडी जशी नायट्रोजनच्या डब्यातून येते तसं इथे होत नाही. डुकराचं रेत गोठवणं सोसत नाही; ते सतरा अंशांवर तीन-चार दिवस टिकतं. लसीच्या फ्रिजमध्ये ठेवलं तर गारठून मरतं, आणि आपल्या उन्हात पेटी सतराला राखणं हे वेगळंच काम.

मालकाने ठरवलंच होतं, "इकून टाकतो याले." जुलैत असे कितीतरी चांगले नर खाटकाकडे जातात. नवा आणला तर तो महिनाभर वेगळा ठेवावा लागतो, कारण २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीवरवर आपल्याकडे लस नाही. तोवर जुना सुधारायच्या वाटेला लागलेला असतो.

"तं तोपर्यंत याले फुकट चारू?"

हो, रोज दोन-अडीच किलो खुराक. आणि नुसता बांधून ठेवायचा नाही. आठवड्याला एकदा रेत काढून खराब माल बाहेर घालवायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा काचपट्टी पाहायची. मधल्या काळात माजावर येणाऱ्या माद्या शेजारच्या नराकडे न्यायच्या नाहीत, रोग फिरतो. ज्या मादीचं वय झालंय ती विकायची असेल तर आत्ता विका. नराचं ऑगस्टअखेरीस बघू.