सड्यावरचा हत्ती कोण दाखवणार?

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर जांभ्या दगडात एक हत्ती कोरलेला आहे. लांबी सुमारे १८ मीटर, उंची सुमारे १३ मीटर आणि त्याच्या अंगाखांद्यांत आणखी कितीतरी प्राण्यांच्या, जलचरांच्या आकृती. चित्र एवढे मोठे, पण ते जमिनीवर आडवे पडलेले असल्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून त्याचा पत्ताही लागत नाही. सड्यावर उभे राहिले, तरी नवख्या डोळ्यांना सुरुवातीला फक्त काही चर आणि रेघा दिसतात. सोंड कुठून सुरू होते, पाठीचा बाक कुठे वळतो, पाय कुठे संपतात, हे कुणीतरी रेघेवरून बोट फिरवून दाखवावे लागते आणि मग हत्ती एकदम उभा राहतो. कोकणच्या किनाऱ्याचा हा स्वभावच आहे. इथले सुंदर ते सगळ्यांना दिसते, पण महत्त्वाचे ते सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच रत्नागिरी ते विजयदुर्ग अशा एखाद्या पट्ट्यात एका कुटुंबाने किंवा चार-सहा मित्रांनी स्थानिक माहीतगाराला दिवसभर सोबत घेऊन फिरणे ही चैन समजू नये. हा किनारा पाहण्याची तीच सर्वांत योग्य रीत आहे आणि तो टिकवण्यालाही तिचा हातभार लागतो.

सुरुवात सड्यापासूनच करू. मुसळधार पाऊस आणि उष्णता यांनी मूळ खडक लाखो वर्षे झिजला, त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि त्यातून जांभा घडला. त्याचे सपाट, उघडे माळ म्हणजे सडे. उन्हाळ्यात ते ओसाड वाटतात. पावसाळ्यात त्याच दगडाच्या खळग्यांत सीतेची आसवे, दीपकाडी अशी फुले येतात आणि त्यांतली काही या भूभागाबाहेर फारशी आढळत नाहीत. याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दीड दशकात ती गावोगाव फिरून शोधली आणि नोंदवली. त्यांच्या कामातही गुराख्यांची आणि गावकऱ्यांची माहिती मोलाची ठरली. उपग्रहाच्या नजरेतून सुटलेली चित्रे गुरांमागे फिरणाऱ्या माणसांना ठाऊक होती. २०२२ मध्ये यांपैकी कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातले फणसामाळ ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आज कोकणात नसलेला गेंडा इथल्या दगडात आहे. देवाचे गोठणे इथल्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. हे सारे पाहायला वेळ मात्र नेमकी साधावी लागते. कोवळे, तिरपे ऊन असले की उथळ चरांत सावली भरते आणि आकृती उठून दिसतात. डोक्यावर सूर्य आला की सावली जाते आणि चित्र दगडात मिसळते. सकाळी आठला इथे आणणारा आणि दुपारी बाराला इथे आणणारा, दोघे एकाच ठिकाणी नेतात, पण दाखवतात ते वेगवेगळे.

दुसरे घड्याळ समुद्राचे. किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि त्यांच्या वेळा रोज पाऊण तासाहून थोड्या अधिक पुढे सरकतात. मच्छीमारांचा जुना हिशेब यावरच बेतलेला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर दुपारी तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जसे वर चढते तसेच ते मागेही दूरवर हटते, तर अष्टमीच्या आसपासच्या भांगाला ही चढउतार थोडी असते. सहलीच्या आखणीत हा हिशेब फार मोलाचा आहे. कशेळीचेच उदाहरण घ्या. गावात कनकादित्याचे, म्हणजे सूर्याचे, प्राचीन मंदिर आहे आणि शिलाहार भोज राजाचा बाराव्या शतकातला ताम्रपट तिथे जपलेला आहे. सूर्यमूर्ती समुद्रमार्गे आली आणि कड्याखालच्या एका गुहेत ठेवली गेली, अशी गावाची कथा आहे. ती जागा म्हणजे देवघळी. त्या गुहेपाशी जायचे तर ओहोटी हवी. ज्याला हे ठाऊक नाही तो वरच्या कठड्यावरून छायाचित्र काढून परततो. ज्याला अर्धेच ठाऊक आहे तो चढत्या पाण्यात खडकांवर अडकतो, आणि किनाऱ्यावर दरवर्षी ऐकू येणाऱ्या दुर्घटनांमागे पुष्कळदा असे अर्धे ज्ञानच असते. भरतीचे तक्ते फोनवर मिळतात हे खरे, पण कुठला खडक शेवाळाने निसरडा आहे आणि कुठल्या फटीतून पाणी मागून वळसा घालते, हे त्या तक्त्यात नसते.

तिसरी गोष्ट खाड्यांची. किनाऱ्यावरून जाताना मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड लागतो, पुढे जैतापूरची खाडी, त्यापुढे वाघोटनच्या मुखावर विजयदुर्ग. प्रवाशाला खाडी म्हणजे पूल ओलांडून जाण्याचे पाणी वाटते. इतिहासात मात्र खाडी हाच रस्ता होता. सह्याद्रीतून उतरणाऱ्या छोट्या नद्यांत भरतीचे पाणी आतपर्यंत शिरते. त्या पाण्यावर स्वार होऊन गलबते राजापूरसारख्या आतल्या बंदरांपर्यंत जात आणि तिथून माल अणुस्कुरा घाटाने देशावर चढे. राजापूरला इंग्रजांनी वखार घातली ती यासाठी, आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर स्वारी केली तेव्हा त्या वखारीलाही तडाखा बसला. पूर्णगड, यशवंतगड, विजयदुर्ग हे किल्ले खाडीच्या तोंडाशी का आहेत, याचे उत्तर या व्यापारात आहे. विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून समोरच्या पाण्याखाली बांधलेली भिंत आणि खाडीच्या आतल्या अंगाला असलेली आंग्रेकालीन गोदी यांचा संबंध कुणी जुळवून दिला, तर १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांचे इंग्रज आरमार पेशव्यांशी संधान बांधून तुळाजी आंग्र्यांवर का चालून आले, हे नकाशासारखे उलगडते. त्या लढाईत मराठ्यांच्याच आरमाराची एक शाखा जळाली. गोदी पाहिल्याशिवाय त्या नुकसानीचे माप कळत नाही, आणि गोदीकडे पाटी पाहून वळणारे पर्यटक थोडेच असतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हे सगळे लेखात वाचता आले, मग माणूस कशाला? फोनवर नकाशा आहे, चित्रफिती आहेत. यात तथ्य आहे. जाण्यापूर्वी वाचून जावेच. पण वाचलेली माहिती सर्वांसाठी एकच असते आणि किनारा रोज बदलतो. कालच्या पावसाने कुठली वाट वाहून गेली, कुणाच्या कुंपणातून जाण्याची मुभा आहे, कुठल्या शिल्पाभोवती गवत माजले आहे, हे त्या दिवशी त्या गावात असलेल्या माणसालाच ठाऊक असते. शिवाय बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत. फोन आपल्याला जागेपर्यंत नेतो, परवानगी मात्र तिथल्या ओळखीच्या माणसाच्या शब्दाने मिळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाईड दंतकथा सांगतात आणि लोक त्याच इतिहास म्हणून घरी नेतात. विजयदुर्गाचेच उदाहरण याला पुरेसे आहे. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून असे सांगितले जाते की १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरने हेलियमचा शोध इथेच लावला. वस्तुस्थिती वेगळी आहे. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी ग्रहणाविनाच सूर्याच्या कडेवरचा प्रकाश तपासला. त्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे नव्या मूलद्रव्याचा निष्कर्ष निघाला आणि १८९५ मध्ये रॅम्सेला ते पृथ्वीवर सापडले. लॉकियर विजयदुर्गला आले ते नंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मोठी मोहीम घेऊन. म्हणजे लॉकियर या किल्ल्यावर आले होते हे खरेच आहे, फक्त तीस वर्षांनी आणि वेगळ्या कामासाठी. खरी हकिकत मूळ दंतकथेपेक्षा कमी रंजक नाही. या उदाहरणावरून गाईडच नको असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण चुकीची गोष्ट पाट्यांवर आणि फोनवरही तितकीच पसरलेली आहे. निष्कर्ष निघतो तो असा की गाईडचे प्रशिक्षण हवे, आणि आपणही त्याला विचारायला हवे की ही नोंद आहे की आख्यायिका. देवघळीची कथा आख्यायिका म्हणून सांगितली तर ती गावाच्या श्रद्धेचा अनमोल ऐवज असते. हा फरक जपणारा माणूस समोर असेल तर त्याला उलट प्रश्न विचारता येतो. पाटीला तो विचारता येत नाही.

तिसरा आक्षेप पैशांचा आणि मोकळेपणाचा. खासगी गाईड म्हणजे पैसेवाल्यांचे काम, आणि सोबत कुणी असले की आपल्या मनाप्रमाणे फिरता येत नाही, असे म्हटले जाते. पहिल्या भागातली अडचण खरी आहे, पण खर्चाची विभागणी पाहावी. गाडीचे इंधन, वातानुकूलित खोली, सुरमईचे ताट यांवर आपण फारशी घासाघीस करत नाही, पण दिवसभर चालून, बोलून, सांभाळून घेणाऱ्या माणसाचे मानधन मात्र आपल्याला जास्त वाटते. दोन कुटुंबांनी मिळून ते वाटून घेतले तर भार हलका होतो. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी ग्रामपंचायतीने ठरावीक दराचा, तासाभरासाठीचा स्थानिक माहीतगार उपलब्ध करून द्यावा, ही मागणी रास्त आहे. मोकळेपणाचे म्हणाल तर बंधन येते ते मोठ्या बसच्या सहलीत, जिथे चाळीस जणांसाठी वीस मिनिटे ठरलेली असतात. एकाच गटासाठी आलेला माणूस आजीच्या गुडघ्यांप्रमाणे वाट बदलतो आणि मुलाला खेकड्याचे बीळ पाहायचे असेल तर थांबतो.

शेवटचा आक्षेप मात्र टाळता येणार नाही असा. अधिक लोक नेले तर जागा अधिक लवकर झिजणार नाहीत का? बुटांनी शिल्पांवर चालणे, रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडूने रंगवणे, सड्यावर गाडी चढवणे यांनी हजारो वर्षे टिकलेल्या आकृतींचे नुकसान होते. तरीही माणसे येणारच आहेत. रस्ते रुंद होत आहेत आणि रेवस-रेडी सागरी मार्गाने किनारा आणखी जवळ येईल. प्रश्न उरतो तो त्यांच्यासोबत कुणी असेल की नाही, एवढाच. सड्यांना सर्वांत मोठा धोका पर्यटकाचा नाही, तो आहे त्यांना पडीक समजण्याचा. पडीक म्हणून तिथे चिरेखाण निघते आणि यंत्राने पाच मिनिटांत शिल्प नाहीसे होते. उभा, अखंड सडा जर त्याच गावातल्या चार तरुणांना काम आणि मालकाला उत्पन्न देत असेल, तर तो राखण्याला व्यावहारिक कारण मिळते. हे नुसते स्वप्न नाही. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून सागरी कासवांची घरटी राखली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांत पाहुणे राहू लागले. जिथे अंडी नेली जात, तिथे गावच त्यांचे राखणदार झाले. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचतगटातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. दोन्ही ठिकाणी निसर्गाचे ज्ञान असलेल्या स्थानिक माणसाला त्या ज्ञानाचा मोबदला मिळाला, आणि म्हणून संवर्धन टिकले.

तेव्हा माणूस निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. तारीख ठरवतानाच तो तिथी आणि भरतीची वेळ विचारतो का? एका दिवसात दहा ठिकाणे दाखवण्याचे आश्वासन देण्याऐवजी पूर्णगड, कशेळी, देवीहसोळ, जैतापूरची खाडी आणि विजयदुर्ग यांतली चारच नीट पाहू, असे सांगतो का? शिल्पाजवळ पादत्राणे काढायला लावतो का? ठाऊक नसलेल्या गोष्टीबद्दल सरळ ‘नोंद नाही’ म्हणतो का? अशा माणसाला ठरलेले मानधन न घासता द्यावे आणि परतल्यावर त्याचे नाव ओळखीच्यांना सांगावे. शासनानेही किनारी रस्त्यावर जो पैसा ओतला आहे, त्याचा छोटा वाटा या माणसांच्या प्रशिक्षणावर आणि त्यांच्या हाती देण्याच्या अचूक पुस्तिकांवर खर्च करावा. रस्ता लोकांना किनाऱ्यापर्यंत आणतो, पण तिथे काय आहे आणि ते का राखायचे, हे सांगण्याचे काम रस्त्याला जमत नाही. ते काम ज्यांना जमते त्यांचे पोट त्यावर चालले, तरच पुढच्या पिढीला कशेळीचा हत्ती छायाचित्राबाहेरही पाहता येईल.