मतलईच्या भरवशावर दक्षिणेला

मतलई कधी सुटते ते झोपेतसुद्धा कळतं. रात्री एक-दीडपर्यंत बोट जागच्या जागी डुलत असते, हवा दमट, अंथरूण अंगाला चिकटलेलं. मग मानेवर एक गार झुळूक येते आणि तिला वास असतो ओल्या मातीचा, गोठ्याचा, विझलेल्या चुलीचा. समुद्रात नांगर टाकून पडलेल्या माणसाला गावाचा वास येतो. तो आला की तांडेल उठतात, नांगर वर घेतात आणि अंधारातच शीड चढतं.

कोकण किनाऱ्यावरच्या या वाऱ्याचं वेड मला गेली पंचवीस वर्षं आहे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे एका परिच्छेदात पाठ करून मोकळे होतो. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री ती लवकर निवते, म्हणून वारा समुद्राकडे जातो. पण या दोन ओळींच्या जोरावर शतकानुशतकं गलबतं मुंबईहून मलबारपर्यंत गेली, हे त्या परिच्छेदात नव्हतं. पावसाळ्याचे चार महिने नैर्ऋत्येचा वारा एवढा जोरात असतो की या घरगुती वाऱ्यांना डोकं वर काढता येत नाही. आश्विन उजाडला, पाऊस माघारी फिरला, आकाश निरभ्र झालं, दिवसा ऊन चटके देऊ लागलं आणि रात्री दव पडू लागलं की त्यांचं राज्य सुरू होतं.

आता दक्षिणेला निघालेली शिडाची बोट डोळ्यांसमोर आणा. किनारा डाव्या हाताला. पहाटे मतलई पूर्वेकडून, ईशान्येकडून येते, म्हणजे डाव्या कुशीवर. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ती मरते. तास-दोन तास समुद्र तेलासारखा गुळगुळीत. दुपारी खारा वारा उठतो, तोही वायव्येकडून, म्हणजे उजव्या खांद्यामागून. दोन्ही वारे दक्षिणेला जाणाऱ्याच्या सोयीचे! पहाटे मतलईवर थोडं आत, खोल पाण्यात जायचं आणि दुपारच्या वाऱ्यावर तिरपं किनाऱ्याकडे येत दिवेलागणीच्या आत पुढचं बंदर गाठायचं. उत्तरेला परतणाऱ्याला मात्र रोज दुपारी वारा तोंडावर घ्यावा लागतो. याच्या उलट एक गोष्ट तांडेल सांगतात आणि समुद्रशास्त्रही सांगतं. दिवाळीनंतर किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहू लागतो आणि बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी केरळला वळसा घालून आपल्याकडे आणतो. त्यामुळे शीड छान फुगलेलं असतं, पाणी कापल्याचा आवाज येत असतो आणि किनाऱ्यावरचा दीपस्तंभ मात्र हटता हटत नाही.

बंदरांचा इतिहास सांगायलाच हवा म्हणून थोडक्यात सांगतो. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि मग पणजी, अशी ही माळ. शिडाच्या गलबतांनंतर आगबोटी आल्या. मुंबईच्या गिरणीत राबणारा कोकणी माणूस भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनेच गावी जायचा आणि बऱ्याच बंदरांत आगबोट दूर उभी राहायची, उतारूंना पडावातून किनारा गाठावा लागायचा. रस्ते सुधारले, प्रवास एसटीकडे गेला आणि आगबोटी बंद झाल्या. एवढं पुरे, मला वाऱ्याकडे परत यायचं आहे.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये एका मित्राच्या चौतीस फुटी शिडाच्या बोटीतून आम्ही मुंबईहून पणजीला निघालो. आम्ही दोघं आणि मालवणचे एक तांडेल, साठी ओलांडलेले. त्यांना आम्ही काकाच म्हणायचो. दिवाळीला आठवडा होता. घरून फराळाचे दोन डबे दिले होते. बोटीवरच्या दमट हवेत चकली दुसऱ्याच दिवशी मऊ पडते, लाडू मात्र शेवटपर्यंत टिकतो, हे पुढे जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

पहिलं संकट हर्णैच्या अलीकडे आलं आणि ते वाऱ्याचं नव्हतं. दुपारी वारा पडला म्हणून इंजिन चालवत होतो. अचानक घरघर, मग धाप लागल्यासारखा आवाज, आणि इंजिन बंद. काकांनी मागे वाकून एकच शब्द उच्चारला, "जाळां." पंख्यात नायलॉनचा दोर अडकून दगडासारखा घट्ट झाला होता. त्या हंगामात या किनाऱ्यावर दक्षिणेला जाणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका खडकाचा नसतो, जाळ्याचा असतो. दिवसा थर्माकोलचे तरंगते तुकडे आणि बांबूवरची फडकी तरी दिसतात. रात्री एखादा लुकलुकणारा दिवा दिसला तर नशीब. शिवाय खाड्यांच्या तोंडाशी डोलीच्या जाळ्यांचे खुंट असतात, तिथे बोट घालायचीच नाही.

मित्र कंबरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दोन बुड्या मारून वर आला आणि म्हणाला, हात पोहोचतो पण चाकू चालत नाही. तोवर खारा वारा उठला होता आणि आम्ही हळूहळू सुवर्णदुर्गाच्या खडपांकडे सरकत होतो. पुढचं लहान शीड उघडून बोट कशीबशी आडवी धरली. तेवढ्यात ज्यांचं जाळं होतं तेच आले. मला वाटलं, आता भांडण. त्यांच्यातला एक विशीतला मुलगा विळा दातात धरून पाण्यात उतरला आणि पाच मिनिटांत पंखा मोकळा करून वर आला. जाळं कापलं गेलं त्याचे पैसे आम्ही दिले. त्यांनी मोजलेही नाहीत, बोंबलांची एक टोपली मात्र आमच्या डेकवर ओतून गेले. त्या संध्याकाळी हर्णैच्या वाळूवरचा मासळीचा लिलाव पाहिला. बैलगाड्या पाण्यात उतरतात, सुरमई-हलव्याचे ढीग वाळूवरच लागतात आणि बोली लावणाऱ्या बायकांचा आवाज लाटांवरून पलीकडे जातो. कोकणात मी याहून देखणं काही पाहिलेलं नाही.

जयगडला पोहोचलो त्या रात्री पाऊस पडला. आणि मतलई आली नाही.

मी दोनला जागा झालो, तीनला झालो. हवा होती, पण ती दक्षिणेकडून, ओली, जडशी. गावाचा वास नव्हता. सकाळी काका डेकवर बसून समुद्राकडे बघत होते. म्हणाले, "वारो नाय, पन पानी बघा कसा फुगला हा." खरंच, वाऱ्याचं नाव नसताना पश्चिमेकडून लांबच लांब, गोल पाठीच्या लाटा येत होत्या. दोन लाटांमधलं अंतर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. अशी लाट इथल्या वाऱ्याची नसते, शेकडो किलोमीटर दूरच्या वादळाची असते. वादळ चालतं त्याच्यापेक्षा त्याने उठवलेली लाट वेगाने धावते, म्हणून ती आधी पोहोचते.

मित्राच्या बोटीवर पितळी वायुभारमापक आहे. आपल्या अक्षांशांत हवेच्या दाबालाही भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. रोज, घड्याळ लावून. हा नेम मोडला की समजावं, मोठं काहीतरी जवळ येतंय. त्या दिवशी दहा वाजले आणि काटा चढलाच नाही.

शरदात समुद्र निवळतो हा आपला समज अर्धाच खरा आहे, आणि या लेखाचा सगळा खटाटोप त्या उरलेल्या अर्ध्यासाठी आहे. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात चक्रीवादळं सहसा वाढत नाहीत, कारण खालचा वारा एका दिशेने आणि वरचा दुसऱ्या दिशेने जोरात वाहत असतो. वादळाचा खांब उभा राहण्याआधीच वाकतो. पाऊस सरला की तो ताण कमी होतो, पाणी मात्र तापलेलंच असतं. कधी बंगालच्या उपसागरातलं एखादं थकलेलं वादळ द्वीपकल्प ओलांडून येतं आणि इथल्या गरम पाण्यावर पुन्हा जीव धरतं. नारळ दर्याला अर्पण करून दोन-तीन महिने उलटलेले असतात, माणसं निर्धास्त झालेली असतात. नेमके तेच दिवस.

१८८८च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून 'वैतरणा' ही आगबोट मुंबईकडे निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला परीक्षेला निघालेली मुलं होती. हवा बिघडलेली म्हणून ती पोरबंदरला थांबली नाही, पुढे निघाली, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तिची गाणी गुजरातेत अजून गातात. आपल्या किनाऱ्यावर ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. रामदास बोट बुडाल्याची आठवण सगळ्यांना आहे, पण ती घटना जुलैतली, भर पावसातली. या दोघींची आठवण फारशी कुणी काढत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि बरोबर ब्याऐंशी वर्षांनी, ११ नोव्हेंबर २००९लाच, फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी बोटी तेव्हा समुद्रात होत्या. ज्या घरांतली माणसं परतली नाहीत, अशा दोन घरांत मी जाऊन बसलो आहे. तिथे तारीख कुणाला सांगावी लागत नाही.

आम्ही जयगडहून मिळेल त्या वाऱ्यावर आणि इंजिनवर देवगड गाठायचं ठरवलं. जयगडची खाडीही चांगली, पण काका देवगडसाठी अडून बसले आणि त्यांचंच बरोबर होतं. बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूची दांडी असते, लाट मोठी झाली की तिच्यावर पाणी फुटतं आणि आत शिरताना बोट आपटते. देवगडचं बंदर डोंगराच्या कुशीत आहे, आत गेलं की पश्चिमेची लाट पोहोचत नाही. चौदा तास लागले. शेवटचे तीन तास बोट दरीत उतरावी तशी उतरत होती, आणि किल्ल्यावरचा दीपस्तंभ कधी दिसे, कधी नाही.

आत शिरलो तेव्हा बंदरात पाय ठेवायला जागा नव्हती. गुजरातच्या, कर्नाटकच्या, तमिळनाडूच्या बोटी एकमेकींना बांधून रांगांनी उभ्या. बंदरावर धोक्याचा बावटा चढलेला. तीन नंबरचा बावटा म्हटलं की कोकणात लहान पोरालाही समजतं. दिवसा काळे शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे, एक ते अकरा अशी ही भाषा आहे. मोबाइलच्या काळातही मला तो खांब बघितल्याशिवाय चैन पडत नाही. वादळाचं नाव क्यार. किनाऱ्याला समांतर, खोल समुद्रातूनच ते गेलं, पण देवबागला पाणी वस्तीत शिरलं आणि आमच्याकडे तीन दिवस पाऊस थांबला नाही. पुढे ते महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात २००७च्या गोनूनंतरचं दुसरं.

त्या तीन दिवसांत मी शेजारच्या तमिळ बोटीवर रोज जेवलो. भाषेचा एकही शब्द जुळत नव्हता. त्यांच्या तांडेलांनी चिंचेच्या कोळातलं माशाचं कालवण वाढलं, मी मऊ पडलेल्या चकल्या दिल्या. त्यांनी नकाशावर बोट ठेवून २०१७च्या ओखी वादळात ते कुठे होते ते दाखवलं: इथेच, याच बंदरात.

दिवाळीची पहिली अंघोळ देवगडच्या जेट्टीवरच्या नळाखाली झाली, २७ ऑक्टोबरला. पाऊस थांबला होता. संध्याकाळी बोटीबोटींवर पणत्या लागल्या. दोन रात्रींनी मतलई परत आली, पहाटे दीडला, तोच ओला वास घेऊन. काका काही बोलले नाहीत, नांगराच्या साखळीकडे गेले. तिच्यावर निघालो, दुपारी वेंगुर्ल्याच्या खडकांना डावीकडे ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी आग्वादच्या किल्ल्याखालून, भरती बघून, वाळू टाळत मांडवी नदीत शिरलो.

पणजीत नांगर टाकला आणि बातम्या लावल्या. क्यार अजून अरबी समुद्रातच होतं, आणि लक्षद्वीपजवळ आणखी एक वादळ उभं राहिलं होतं. त्याचं नाव महा. मित्राने दुसरा नांगर काढला. रात्री दोन वाजता मी डेकवर जाऊन बसलो. अडीच झाले, तीन झाले. मतलई आली नाही.