लोखंडी नांगराची कुळकथा

प्रदर्शनात जुन्या ट्रॅक्टरांच्या रांगेलगत मांडलेल्या किर्लोस्करी लोखंडी नांगरापुढे प्रेक्षक क्वचितच थांबतो. वास्तविक आपल्या मुलखातील कृषियंत्रांची कुळकथा त्याच्यापासूनच सांगावयास हवी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात तो घडविला, तेव्हा लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते या समजुतीपायी त्याला गिऱ्हाईकच मिळेना. पुढे १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला.

देशी लाकडी नांगर माती केवळ चिरीत जातो. लोखंडी नांगराचा फाळ मात्र तास कापतो आणि मागील वक्र पंख कापलेली माती अंगावर घेऊन सावकाश पालथी घालतो, ज्यायोगे हराळी-कुंद्याची मुळे उन्हावर येऊन वाळून जातात. तेरणा-मांजरा खोऱ्यांतील भारी काळ्या जमिनीत या गुणाचे मोल किती, हे कुंद्याने ग्रासलेले रान ज्याने हाताने खणून काढले त्यालाच ठाऊक.

१९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, आणि अशा इंजिनांनी कालांतराने विहिरीवरील मोट व तिचा नाडा-सोंदूर इतिहासजमा केला. ट्रॅक्टरांपैकी आयशर कंपनीचा पहिला ट्रॅक्टर फरीदाबादेहून बाहेर पडला तो त्यानंतर, १९५९ साली.

आपल्या वाड्याच्या परसात असा नांगर गंजत पडला असल्यास, तो भंगारात घालण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच्या खरेदीचे साल लिहून ठेवावे.