आधी पोटाचा हिशेब

नव्यानं लिहू लागलेल्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा भाषेबद्दल असतो. भरपूर वाचा, रोज लिहा, विशेषणं कमी करा, वाक्यं लहान ठेवा. हा सल्ला चुकीचा नाही, कथा-कविता लिहू पाहणाऱ्यांना तर तो बराच उपयोगी पडतो. पण ज्यांना निबंध लिहायचा आहे, चारचौघांना न रुचणारं मत स्वतःच्या नावानं छापायचं आहे, त्यांना मी वेगळाच प्रश्न आधी विचारेन: तुमचं घर कशावर चालतं? प्रश्न रुक्ष आहे, आणि साहित्याच्या कार्यशाळेत तो कोणी विचारत नाही. तरीही लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’पासून आजवर ज्यांनी मराठीत स्पष्ट लिहिलं आणि लिहीत राहिले, त्यांच्या चरित्रांतली पगाराची, धंद्याची पानं वाचली की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. परखड लेखनाला लागणारी ताकद आणि त्याचा मजकूर, दोन्ही लेखकाच्या पोटापाण्याच्या कामाशी घट्ट जोडलेली असतात. म्हणून शैलीच्या आधी या कामाची व्यवस्था लावावी असं माझं म्हणणं आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचं उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलकं आहे. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा गणिताचा प्राध्यापक होता. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्रही त्याच वर्षी उघडलं, म्हणजे जगाच्या मागे राहून चालणारा हा माणूस नव्हता. १९२३ मध्ये त्यांचं ‘संततिनियमन’ हे पुस्तक आलं. त्या वेळी ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. हा प्रचार आणि नोकरी यांतलं एक निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सव्वीस वर्षं, ते चालवलं. कामजीवन, गर्भनिरोधन, गुप्तरोग, विवाहसंस्था, स्त्रीचं शरीरावरचं आणि सुखावरचं स्वामित्व हे त्याचे विषय. वाचक आपल्या अडचणी लिहून पाठवत आणि कर्वे त्यांना सरळ, शास्त्रीय, अलंकार नसलेली उत्तरं देत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं, तरी निकाल विरुद्ध गेला आणि दंड भरावा लागला. पुढचा अंक मात्र निघाला. हे कसं जमलं? केवळ धैर्य असं उत्तर द्यायचा मोह होतो, पण एवढ्यानं भागत नाही. धैर्यवान माणसाचंही घरभाडं थकतं. कर्व्यांनी राहणी इतकी साधी ठेवली होती की मासिक तोट्यात गेलं तरी गरजा भागाव्यात, मूल होऊ दिलं नव्हतं, आणि पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्या बरोबरीनं उभ्या होत्या. वर्गणीदार दुखावले तर मासिक आतबट्ट्यात जाईल, पण ते बंद करायला लावण्याइतकी पकड कोणाचीच त्यांच्यावर नव्हती. त्यांच्या गद्यातला तो थंड, न डगमगणारा सूर नव्या लेखकाला अनुकरणीय वाटतो. त्याआधी त्यांच्या खर्चाच्या वहीचं अनुकरण करावं लागेल.

पोटाच्या कामाचा दुसरा उपयोग स्वातंत्र्याहूनही मोठा आहे: ते लिहायला काहीतरी देतं. जोतीराव फुले यांना आपण समाजसुधारक, शिक्षक, ग्रंथकार म्हणून ओळखतो. ते बांधकामाचे कंत्राटदार होते आणि १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे त्या मानानं कमी बोललं जातं. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे १८८३ मधलं पुस्तक या दृष्टीनं वाचावं. त्यात संताप आहेच, पण त्या संतापाखाली जमीनमहसूल आहे, कर्जाची खतं आहेत, कचेरीत कागद कसा अडतो आणि कोणाच्या हातावर काय ठेवल्यावर सुटतो हे आहे, शेतकऱ्याच्या घरातली भांडी आणि अंथरूण-पांघरूण आहे. उपाय सांगताना ते डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालायला सांगतात, आणि हे काम रिकाम्या बसलेल्या पलटणीतल्या व पोलिसांतल्या माणसांकडून करून घ्या असंही सुचवतात. माती, पाणी आणि मजूर यांचं गणित प्रत्यक्ष मांडलेल्या माणसालाच अशी सूचना सुचते. शेतकऱ्याबद्दल कळवळा असणारे लेखक तेव्हाही होते. कळवळ्याला आकडा, बांध आणि कचेरीतली पायरी जोडणारा लेखक दुर्मीळ होता, आणि आजही आहे. वृत्तपत्रांतले कितीतरी लेख ‘व्यवस्था सडली आहे’ या विधानावर संपतात, कारण व्यवस्थेच्या कुठल्या टेबलावर काय होतं हे लेखकाला माहीतच नसतं. नर्स, तलाठी, बँकेतला कारकून, विमा एजंट, दूध संकलन केंद्र चालवणारी बाई यांच्यापैकी कोणी निबंध लिहायला बसलं तर त्यांच्याजवळ पूर्णवेळ मतं मांडणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक ऐवज असतो. त्यांनी आपलं काम सोडून ‘लेखक’ होण्याची घाई करू नये.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: नोकरीच तर तोंड बंद करते. कर्व्यांना ती सोडावी लागली नाही का? लोकहितवादींनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये शंभरावर पत्रं लिहिली तेव्हा ते पंचविशीचे होते, सरकारी सेवेत होते, आणि त्यांनी ‘लोकहितवादी’ हे टोपणनाव वापरलं. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करताना सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढे त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली. पण चिपळूणकरांनी त्यानंतर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. फुल्यांवर आणि लोकहितवादींवर त्यांनी केलेली टीका मला अन्यायाची वाटते, तरी लेखकाच्या व्यवहाराबाबत त्यांच्याकडून शिकावंच लागतं. नोकरीचा राजीनामा देऊन ते नुसते घरी बसले नाहीत. १८८० च्या पहिल्या दिवशी न्यू इंग्लिश स्कूल उघडलं, सहकाऱ्यांबरोबर आर्यभूषण छापखाना उभा केला; चित्रशाळा आणि पुस्तकांचं दुकानही त्यांनी काढलं होतं. लेखणीभोवती त्यांनी उत्पन्नाची आणि छपाईची साधनं रचली. गोपाळ गणेश आगरकर त्याच मंडळींतले. बालविवाह, संमतिवय अशा प्रश्नांवर मतभेद वाढल्यावर १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढलं. संपादकपद सोडताना त्यांच्या हाताशी शिकवण्याचं काम होतं. पगार तुटपुंजा होता, पण तो ‘केसरी’च्या वाचकांच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. त्यामुळे जिवंतपणी आपली प्रेतयात्रा निघालेली पाहूनही ते आपल्या जागेवरून हलले नाहीत. तेव्हा आक्षेपाला माझं उत्तर असं की कामं सगळी सारखी नसतात. एकाच माणसाच्या नाराजीनं ज्याचा शेवट होतो असं काम लेखकाला घातक. अनेक गिऱ्हाइकं असलेला छोटा धंदा, कुठंही चालणारं कौशल्य, किंवा आपण लिहितो त्या विषयाशी ज्यांचा हितसंबंध नाही अशांची नोकरी, ही त्याला मानवतात.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागतो. हा सगळा हिशेब ज्यांच्याकडे हिशेबाला काही आहे त्यांचा झाला. ज्यांच्याकडे जमीन नाही, शिक्षण नाही, घरात आवाज नाही त्यांनी लिहूच नये का? मराठी निबंधाचा इतिहासच याचं उत्तर देतो. १८५५ साली चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिच्याजवळ पैसा नव्हता. तिच्याजवळ जोतीराव-सावित्रीबाईंची शाळा होती, आणि निबंध छापणारं एक नियतकालिक होतं. म्हणजे लेखकाला लागणारा आधार रुपयांतच असला पाहिजे असं नाही; तो माणसांचा असू शकतो, संस्थेचा असू शकतो. पण तो लागतो. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं. सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरचा बालहत्येचा खटला आणि त्या निमित्तानं वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला दिलेले दोष, यांना ते उत्तर होतं. मराठी गद्यात त्या तोडीचा त्वेष फार थोड्या ठिकाणी आहे. पुस्तकाची हेटाळणी झाली. फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, तरी ताराबाईंच्या पाठीशी कुठलं नियतकालिक, कुठलं मंडळ उभं राहिलं नाही. पुस्तक विस्मरणात गेलं ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं! ज्यांच्याकडे साधनं कमी, त्यांनी म्हणूनच आधाराचा विचार अधिक काटेकोरपणे करावा. एकट्यानं उडी घेण्याऐवजी चार जण मिळून एक अनियतकालिक काढा, एकमेकांचं छापा, एकमेकांच्या बाजूनं उभे राहा. साठोत्तरी काळातल्या मराठी लघुनियतकालिकांनी आणि दलित साहित्याच्या चळवळीनं हेच केलं, आणि प्रस्थापित मासिकांच्या दारात ताटकळणाऱ्या कितीतरी लेखकांना त्यामुळे जागा मिळाली.

तिसरा आक्षेप व्यावसायिकांचा: लेखनाला मोल नको का? जरूर हवं, आणि मानधन मागताना लाजूही नये. फुकट लिहून घेणाऱ्यांमुळे चांगली माणसं लेखनापासून दूर गेली आहेत. मात्र मराठी वैचारिक पुस्तकाचा व्यवहार एकदा कागदावर मांडून पाहा. हजार प्रतींची आवृत्ती, तीनशे रुपये किंमत, दहा टक्के लेखकाचे, असं धरलं तर सगळी आवृत्ती संपल्यावर तीस हजार रुपये हातात येतात, आणि ती संपायला वर्षं लागू शकतात. एवढ्यावर घर चालवायचं म्हटलं तर दोनच वाटा उरतात. एक, कोणाचा तरी आश्रय. दुसरी, सतत टाळ्या मिळतील असंच लिहिणं. पहिल्या वाटेचा धोका सगळ्यांना कळतो. सरकार, जाहिरातदार, पक्ष, मठ यांची नावं लगेच घेता येतात. दुसरीचा धोका कळत नाही, कारण आश्रयदाता तिथं वाचकाच्या रूपात येतो. मोबाइलवर लिहिणाऱ्यांना तर तो रोज भेटतो. एका विशिष्ट गटाला झोडपल्यावर लाइक वाढतात हे आठवडाभरात ध्यानात येतं, आणि मग तोच गट, तेच शब्द, दर खेपेला थोडा अधिक चढा आवाज. बाहेरून हा माणूस परखड दिसतो. आपल्याच वाचकांना अप्रिय ठरेल असं त्यानं शेवटचं कधी लिहिलं, हे शोधून पाहावं. बहुधा सापडत नाही. आगरकरांनी ‘केसरी’ सोडलं ते परक्यांना खडसावण्यासाठी नव्हे. कोल्हापूरच्या दिवाणांवर टीका करून ते आणि टिळक १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहून आले होते. स्वतःच्या समाजाला, स्वतःच्या मित्रांना, स्वतःच्या वाचकांना खडसावणं त्याहून अवघड होतं.

दुर्गा भागवतांचा दाखला इथं टाळता येत नाही. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा निषेध केला आणि जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचं आवाहन केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. त्या प्रसंगातलं त्यांचं धाडस सगळे सांगतात. त्यामागची चाळीसेक वर्षं कोणी सांगत नाही: ग्रंथालयात बसून केलेला लोकसाहित्याचा, धर्मग्रंथांचा, आदिवासी समाजांचा अभ्यास, आणि सरकारनं काढून घ्यावं असं एकही पद जवळ नसणं. सभापीठावर जे घडलं त्याची तयारी या दोन गोष्टींनी आधीच केली होती.

तेव्हा लिहू इच्छिणाऱ्यांनी सुरुवातीला काय करावं? महिन्याचा किमान खर्च काढा आणि तो कोणाच्या हातून येतो ते लिहून ठेवा. त्या नावांपैकी कोणाबद्दल आपण खरं लिहू शकणार नाही हे प्रामाणिकपणे ओळखा. तो विषय सध्या बाजूला ठेवा, त्याच्याबद्दल गोड मात्र लिहू नका. गप्प राहिलेल्या लेखकाला उद्या बोलता येतं, स्तुती छापलेल्याला ते फार कठीण जातं. आपल्या कामातला एक विषय धरा आणि त्याचे कायदे, दर, अर्ज, तक्रारी, जुने अहवाल यांच्यात काही वर्षं राहा. कर्ज काढून पूर्णवेळ लेखक होऊ नका. आणि संपादकानं लेख परत पाठवला की लगेच त्याला भित्रा ठरवू नका. कधी तो खरंच भित्रा असतो, पण पुष्कळदा लेख कच्चा असतो, आणि यांतलं काय खरं ते ओळखण्याचा एक मार्ग फुल्यांनी दाखवला आहे.

‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे फुल्यांचे सत्यशोधक सहकारी होते. त्यांनी ‘असूड’ची पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं थांबवलं. आपल्याच माणसानं हात आखडता घेतला. फुल्यांनी हस्तलिखित उचललं आणि मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इथं लोकांना ते वाचून दाखवलं. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीही ते ऐकलं. ज्यांच्या कर्जाबद्दल आणि शेतसाऱ्याबद्दल ते लिहिलं होतं, ते शेतकरी त्या गावांतल्या श्रोत्यांत होते. आकडा चुकला असता, कचेरीतली एखादी रीत उलटी सांगितली गेली असती, तर तिथल्या तिथं कोणीतरी उठून बोललं असतं. तुमचा लेख रेशन दुकानाबद्दल असेल तर तो आधी रांगेत उभ्या राहणाऱ्या पाच जणांना आणि एका दुकानदाराला वाचून दाखवा. ते कुठं हसले, कुठं चिडले, कुठं ‘हे असं नसतं हो’ म्हणाले ते टिपून घ्या, आणि त्यानंतर लेख पुन्हा लिहा.