शेतकऱ्याने कुत्रा कसा निवडावा?

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खांदा पाहतो, जुवास लावून चालवून पाहतो. कुत्रा मात्र केवळ रूप पाहून घेतो. मग मळ्याच्या राखणीस आणलेल्या कुत्र्याचीच राखण करण्याची पाळी येते.

आम्हीही ही चूक केलेली आहे. वरणगावच्या मळ्यासाठी आम्ही शहरातून लांब केसांचे एक विलायती पिल्लू बरीच किंमत देऊन आणले. आमचा सालदार म्हणाला, "नाना, हे जनावर आपल्या उन्हाचं नाही." आम्ही ते हसण्यावारी नेले. पुढे वैशाखात एके दुपारी तो कुत्रा खळ्यावर बांधलेला राहिला व सायंकाळपूर्वीच गेला. भुसावळकडील उन्हाळा ४५ अंशांवर जातो, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु कुत्र्यास माणसाप्रमाणे सर्वांगास घाम सुटत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग निववितो, याचा आम्ही विचार केला नव्हता.

म्हणून प्रथम आपले काम ठरवावे. केळीची बाग, खळे व गोठा यांच्या राखणीस आखूड केसांचा गावठी कुत्राच उत्तम. तो या हवेत मुरलेला असतो आणि परक्याची चाहूल लागताच भुंकतो. राखणदाराचे मुख्य काम भुंकणे हे होय, चावणे नव्हे.

कारवानी व मुधोळ या जाती दख्खनच्याच. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी मुधोळ कुत्र्यांची जोपासना केली. २००५ साली टपाल खात्याने या जातीचे तिकीटही काढले. तथापि हे कुत्रे डोळ्यांनी सावज हेरून धावणारे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. तेव्हा रोज दौड देण्यास मोकळी जागा व वेळ नसेल, तर असा कुत्रा शेजाऱ्याच्या शेळीमागे धावेल आणि बांधावरचा तंटा चावडीपर्यंत जाईल.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. शक्य तर आईचा स्वभाव पाहावा. टाळी वाजविली असता दचकून पुन्हा जवळ येणारे पिल्लू घ्यावे. कोपऱ्यात दडून राहणारे किंवा उगीच चावरे घेऊ नये. डोळे स्वच्छ असावेत. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असल्यास बहुधा जंत असतात; त्यावर औषध द्यावे.

कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. तेवढी वर्षे त्याची भाकरी, पाणी व सावली आपल्या माथी असते. उरलेसुरले घालताना कांदा घातलेले कालवण देऊ नये. कांदा कुत्र्यास बाधतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पिल्लू तीन महिन्यांचे होताच पिसाळरोगाची लस टोचून घ्यावी व पुढे दरसाल टोचावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना वा मंत्र यांवर विसंबू नये. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

आज आमच्या मळ्यावर गावातलीच एक तांबडी कुत्री आहे. तिला किंमत पडली नाही. दुपारी ती निंबाखाली निजते आणि रात्री जागते. शेतकऱ्यास याहून अधिक काय हवे?